हवालदारची माफी

माझ्या होणाऱ्या व्याह्यांच्या कुत्र्यावर चोरीचा आळ आला आणि मी तो येऊ दिला.

खरं बोलण्यासाठी मी तोंड उघडलं होतं, हे मुद्दाम नोंदवतो. ते मी पुन्हा मिटलं, एवढाच माझा गुन्हा. पण माझा स्वभाव असा की रांगेत कोणी माझ्या पुढे घुसलं तरी ‘सॉरी’ मीच म्हणतो. त्यामुळे त्या मिटलेल्या तोंडाचा मला फार त्रास झाला. सगळं सांगून टाकतो, म्हणजे मोकळा होईन.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. मूळचा पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याचा. आमची शेती उतारावर, पाणी ओहोळाचं, आणि समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीला जाऊन भेळ खायची जागा. तर आमच्या लेकीने, पूनमने, ओंकार नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. ओंकारचं गाव आमची सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं. मुलगा चांगला, घर चांगलं. प्रश्न फक्त त्याच्या वडिलांचा होता. यशवंतराव कस्टम खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या पेट्या उघडून पाहिल्यामुळे ते माणसाकडेही, आत काय दडवलंय, अशाच नजरेने पाहतात.

पहिल्यांदा ते आमच्या घरी आले तेव्हा पोहे संपले, चहा संपला, तरी त्यांच्या तोंडून शब्द नाही. मी स्वयंपाकघरात गेलो.

“अहो, बोला ना त्यांच्याशी काहीतरी,” माझी बायको सुनंदा कुजबुजली.

“काय बोलू?”

“काहीही बोला.”

मी बाहेर आलो आणि काहीही बोललो.

“आपल्याला छंद वगैरे काही?”

“गरवतो,” यशवंतराव म्हणाले. म्हणजे गरी टाकून मासे धरतो.

“अरे वा. मीपण.”

आत कोणाच्या तरी हातातून चमचा पडला. (तो पूनमच्या हातातून पडला होता, हे नंतर कळलं.) पण यशवंतरावांचा चेहरा असा उजळला की मला माझं खोटंसुद्धा पुण्यकर्म वाटलं.

“कुठे गरवता?”

“इथेच. आपल्या सावित्रीत.”

“गोड्या पाण्यात काय मजा, दिलीपराव. या आमच्याकडे. तुमचीच नदी, फक्त आमच्या दारात खारी होते. आणि आमच्या घरात पद्धतच आहे. नवा सोयरा पहिल्यांदा आला की त्याच्या हातचा मासा घरात यायला हवा. त्याचं कालवण जेवायचं आणि मग लग्नाची तारीख काढायची. माझ्या सासऱ्यांनी भर पावसात शेंगटी धरली होती.”

“मग काय, धरू की,” मी म्हणालो.

ते गेल्यावर पूनम माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाबा, तुम्ही आयुष्यात काय धरलंय?”

“लहानपणी ओहोळात चढणीचे मासे धरायचो.”

“कशाने?”

“फडक्याने.”

ती वळून आत गेली. पूनम ओरडत नाही. तिने ओरडलेलं परवडतं.

मग मी शिकायला लागलो. ऑनलाइन रॉड मागवला. त्याच्याबरोबर चरखी, तंगूस म्हणजे नायलॉनची बारीक दोरी आणि शिशाचे गोळे आले. फोनवर एक गृहस्थ हिंदीतून ‘दोस्तों, बहुत आसान है’ असं सांगत आणि पाहता पाहता मगरीएवढा मासा ओढत. मी गच्चीवर सराव सुरू केला. शिसं कोणाच्या डोक्यात बसेल म्हणून त्याच्या जागी बटाटा बांधला. पहिला बटाटा माझ्याच पाठीत बसला. दुसरा रस्त्यापलीकडे देसाईकाकूंच्या गच्चीत, साबुदाण्याच्या पापड्यांवर पडला. मी घाईघाईने चरखी फिरवली, तर बटाट्याबरोबर पापड्यांची अख्खी चादर हवेत निघाली.

“दिलीप, काय करतोयस?” काकू कठड्याशी आल्या.

“सॉरी काकू. मासे धरतोय.”

काकूंनी आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पापड्या गोळा करून खाली गेल्या. त्यानंतर त्यांनी गच्चीवर वाळवण घातलं नाही, आणि मी बटाटा बांधला नाही. सराव संपला.

ठरलेल्या रविवारी पहाटे आम्ही निघालो. मी, सुनंदा, पूनम आणि तारीख काढायला घरचं वडीलधारं माणूस हवं म्हणून कापड्याहून आलेले माझे चुलते गणूतात्या. तात्यांना समुद्राची हौस नव्हती. “समुद्राला बांध नाय, कोपरा नाय. कुठं काय ठेवायचं ते कसं कलायचं?” ते गाडीत बसल्यापासून म्हणत होते. आज वाटतं, तेव्हाच गाडी वळवायला हवी होती.

ओंकारच्या घरी पोचलो तर दारात सोनेरी रंगाचा, अंगाने भरलेला, अतिशय सभ्य कुत्रा बसला होता.

“हा आमचा हवालदार,” यशवंतरावांनी ओळख करून दिली. “रोज माझ्याबरोबर खडकावर असतो. उघडी टोपली याच्याजवळ ठेवून मी खुशाल झोप काढतो. आजपर्यंत माशाच्या शेपटीलाही तोंड लावलेलं नाही. खात्यात असा एक माणूस मिळाला नाही मला.”

हवालदारने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. (अजून काही केलंही नव्हतं मी.)

बायका घरात थांबल्या. यशवंतराव, मी, तात्या आणि हवालदार खडकांवर गेलो. ओहोटी सरून पाणी नुकतंच वर यायला लागलं होतं. यशवंतरावांनी एक छान सपाट खडक निवडला आणि मला म्हणाले, “काढा तुमचं आमिष.”

मी डबा उघडला. त्यात मी आदल्या दिवशी महाडच्या बाजारातून खास गरीला लावायला आणलेली कोळंबी होती. फरक एवढाच की ती आता लालभडक होती आणि तिला लसणाचा घमघमाट येत होता. फ्रिजमध्ये कोळंबी दिसल्यावर सुनंदाने प्रवासासाठी ती परतून घेतली होती.

यशवंतरावांनी डब्यात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“ही तळलीय.”

“हो. म्हणजे, आमच्याकडच्या माशांना जरा तिखट लागतं.”

“कांदा पण आहे.”

“थोडासाच.”

तात्यांनी डब्यात हात घालून एक कोळंबी तोंडात टाकली. “चांगली झालीय. मीठ कमी हाय.”

यशवंतरावांनी आपल्या बादलीतली जिवंत कोळंबी माझ्या गरीला लावून दिली आणि म्हणाले, “आज आमच्या पद्धतीने करून बघा.” मी रॉड उचलला, चरखी वरच्या बाजूला घेऊन घट्ट धरला, फोनमधल्या गृहस्थांचं स्मरण केलं आणि फेकला. कोळंबी मागे गेली. पुढे ती गेलीच नाही. गरी तात्यांच्या टोपीत अडकून टोपी तेवढी समुद्राच्या दिशेने निघाली आणि अर्ध्या वाटेवर दगडावर पडली.

“दिलीप,” तात्या शांतपणे म्हणाले, “टोपी गरीबाची हाय रे.”

त्यानंतर मी एकदा खडक धरला, एकदा शेवाळ धरलं आणि एकदा यशवंतरावांचीच तंगूस. ते दर वेळी गुंता सोडवून देत. मासा नाही म्हणजे कालवण नाही, कालवण नाही म्हणजे तारीख नाही, आणि घरात पूनम चमचे सांभाळत बसलेली.

तेवढ्यात यशवंतरावांचा रॉड कमानीसारखा वाकला. त्यांनी एक झटका दिला, आणि मग जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी तो रॉड माझ्या हातात दिला.

“धरा. ओढा हळूहळू. तुमच्या हातचा मासा हवा ना घरात?”

मी ओढला. म्हणजे मी ओढत होतो, यशवंतराव मला ओढत होते, तात्या यशवंतरावांना कमरेला धरून ओढत होते आणि हवालदार आमच्याभोवती भुंकत होता. शेवटी तो वर आला: जिताडा. हातभर लांब, चांदीसारखा. रायगडात ज्याला मान द्यायचा त्याच्या घरी जिताडा पाठवतात, आणि इथे तो माझ्या हातात फडफडत होता. माझे डोळे भरून आले. मी जिताड्यालाही ‘सॉरी’ म्हणालो.

“गरी खोल गेलीय, घरी काढू,” म्हणत यशवंतरावांनी निळी तंगूस वीतभर ठेवून कापली. “मी पुढे जाऊन मसाला वाटायला सांगतो. ओंकारलाही घेऊन येतो, फोटो काढायला. तुम्ही मासा टोपलीत घाला आणि झाकण लावा.”

ते गेले. आणि इथे आमचा डोंगर आडवा आला. कापड्यात ओहोळावर मासे धरले की ते कोणी टोपलीत घालून मारून ठेवत नाही. पाण्याच्या कडेला दगडांचं कडं करायचं, त्यात मासे सोडायचे. घरी निघेपर्यंत ताजे राहतात. आम्ही पिढ्यान् पिढ्या असंच करत आलो.

“टोपलीत कशाला घालतोस?” तात्या म्हणाले. “जिता हाय अजून. पान्यात ठेव रे.”

मलाही ते पटलं. खडकात गुडघाभर पाण्याचं एक डबकं होतं. त्याच्या तोंडाशी आम्ही सुबक दगड रचले. मी जिताडा आत सोडला, हवालदारला शेजारी बसवलं, “लक्ष ठेव” म्हणालो आणि पुन्हा रॉड उचलला. एकदा हाताला यश लागलं की माणूस थांबत नाही. मी तात्यांकडून रॉडसह माझे फोटो काढून घेतले. (सगळ्यांत तात्यांचं बोट आलंय.) मग गरी पुन्हा खडकात अडकली. ती सोडवण्यात आम्ही दोघं एवढे गुंतलो की मागे पाहिलंच नाही. मध्ये एकदा हवालदार घराच्या दिशेने पळत गेल्यासारखा वाटला. गेला असेल आपल्या कामाला.

भरती-ओहोटी मला शाळेत भूगोलाच्या पेपरात भेटली होती. चंद्राचं चित्र काढून मी बाण दाखवले होते. पण समुद्रही ते बाण पाळतो, हे पायांना पाणी लागेपर्यंत लक्षात आलं नाही. वळून पाहिलं तर डबकं नव्हतं. दगडांचं कडं नव्हतं. सगळीकडे एकसारखं पाणी होतं, आणि त्यात कानापर्यंत भिजलेला हवालदार उभा होता.

“तात्या, मासा?”

“बांध नाय, कोपरा नाय,” तात्या म्हणाले. “मी सांगत होतो.”

नेमके तेव्हाच यशवंतराव ओंकारला घेऊन आले. त्यांनी रिकामी टोपली पाहिली. मग हवालदारकडे पाहिलं. हवालदार जीभ फिरवून ओठ चाटत होता.

“हवालदार?”

हवालदारने शेपूट खाली घातलं.

“कुत्र्यानं नेला असंल,” तात्या समुद्राकडे बघत म्हणाले. तात्यांनी ते माझ्यासाठी केलं, हे मला माहीत आहे.

मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

यशवंतराव खडकावर खाली बसले. “इतकी वर्षं,” ते म्हणाले. “उघडी टोपली असायची.” एवढंच बोलून त्यांनी हवालदारच्या गळपट्ट्याला दोरी बांधली आणि आम्ही सगळे मिरवणुकीसारखे घरी आलो. पुढे आरोपी, मागे मी.

जेवायला बसलो. जिताड्यासाठी वाटलेला मसाला तसाच पाट्यावर होता. पानात सुकट आणि भाकरी.

“तारखेचं काय करायचं मग?” विहीणबाईंनी, मालतीताईंनी, विचारलं.

“मासा नाही, तारीख नाही,” यशवंतराव म्हणाले. “पुन्हा केव्हातरी बघू. आणि दिलीपराव, एक विनंती. याला तुमच्या कापड्याला घेऊन जा. चोर म्हणून मला तो दारात बघवणार नाही. तिथे मासे नाहीत, सुधारेल.”

“आमच्याकडं कोंबड्या हायेत,” तात्या घाईने म्हणाले.

पूनमने घास खाली ठेवला. मालतीताई भाकरी कुस्करून अंगणात घेऊन गेल्या. हवालदार नारळाच्या झाडाला बांधलेला होता. त्याने भाकरी हुंगली, सुस्कारा टाकला आणि तोंड फिरवलं.

“अन्न सोडलंय हो त्याने,” मालतीताई पदराने डोळे पुसत आत आल्या. “कधी असं केलं नव्हतं. मनाला लागलंय त्याच्या.”

तो सुस्कारा माझ्या छातीत बसला. निरपराध जीव उपाशी, आणि मी सुकटीवर लिंबू पिळतोय.

“तुम्ही का जेवत नाही?” सुनंदाने हळूच विचारलं. “तुमचा आणि कुत्र्याचा चेहरा अगदी सारखा दिसतोय.”

मी पानावरून उठलो.

“हवालदारने काही केलेलं नाही,” मी म्हणालो. “मासा मी घालवला. टोपलीत न घालता डबक्यात ठेवला. आमच्याकडे ठेवतात. भरती आली आणि घेऊन गेली. मी गप्प बसलो.”

इथे थांबायला हवं होतं. पण माझं असं आहे की एकदा झाकण निघालं की तळ दिसेपर्यंत मी थांबत नाही.

“मी आयुष्यात कधी गरवलेलं नाही. गच्चीवर बटाटा बांधून शिकलो. देसाईकाकूंच्या पापड्या मी उडवल्या. कोळंबी तळून आणायची आमच्याकडे पद्धत नाही, ती सुनंदाने प्रवासात खायला केली होती. तुम्हाला घरचे म्हणून दिलेले लाडू बाजारपेठेतले होते.”

“अहो, ते आत्ता कशाला?” सुनंदा म्हणाली.

“आणि पहिल्या दिवशीचे पोहे पूनमने केले नव्हते. मी केले होते.”

“बाबा, बसा,” पूनम म्हणाली.

“पोहे चांगले होते,” ओंकार पुटपुटला. त्या घरात त्या दिवशी माझी बाजू घेणारा तो पहिला माणूस.

यशवंतरावांनी हात धुतले, पुसले आणि माझ्यासमोर आले.

“दिलीपराव, चरखी उलटी धरणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तुम्हाला गरवता येत नाही हे मला सकाळीच कळलं. म्हणून तर माझा रॉड तुमच्या हातात दिला. पोरीसाठी एवढी धडपड करणारा बाप मला आवडला. मासा गेला त्याचं काही नाही, समुद्र आहे, अजून देईल. पण माझ्या हवालदारवर आळ आला. माझी माफी मागू नका. त्याची मागा.”

“कुत्र्याची?” तात्यांनी विचारलं.

“हो.”

मी अंगणात गेलो. मागोमाग दोन्ही घरं आली. ओंकारने दोरी सोडली. मी नारळाच्या झाडाखाली मांडी घालून बसलो आणि हात जोडले.

“हवालदार,” मी म्हणालो, “माझ्यामुळे तुझ्या नावाला बट्टा लागला. तू पाण्यात उतरून मासा वाचवायला बघितलंस आणि मी तुलाच चोर ठरू दिलं. तू उपाशी राहिलास. मला माफ कर.”

मालतीताई पुन्हा डोळे पुसायला लागल्या. सुनंदाही. हवालदारने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, माझे जोडलेले हात चाटले आणि उठून घरामागच्या गवताच्या पेंढ्यांकडे गेला. थोड्या वेळाने तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडात काहीतरी होतं. ते त्याने माझ्या मांडीवर ठेवलं.

जिताड्याचं डोकं. नुसतं डोकं. तोंडातून वीतभर निळी तंगूस लोंबत होती.

यशवंतराव खाली वाकले, त्यांनी ती तंगूस बोटांत धरून पाहिली, हवालदारच्या टम्म पोटाकडे पाहिलं आणि मटकन पायरीवर बसून हसायला लागले. कस्टममधला माणूस असा हसू शकतो, याची त्यांच्या घरच्यांनाही कल्पना नसावी. मालतीताईंनी ओल्या डोळ्यांनीच हसायला सुरुवात केली. तात्या म्हणाले, “मी पयलंच बोललो होतो, कुत्र्यानं नेला म्हणून.”

“म्हणजे भरती निर्दोष,” ओंकार म्हणाला.

“आणि अन्न सोडलं ते…” मालतीताईंना पुढे बोलवेना.

“पोटात जागा नव्हती,” पूनमने पूर्ण केलं. सकाळपासून ती पहिल्यांदा हसली.

यशवंतरावांनी डोळे पुसले. “मासा घरात आला,” ते म्हणाले. “सोयऱ्याने धरला, हवालदारने आणला. आणायचा कोणी, हे आमच्या पद्धतीत कुठे लिहिलेलं नाही. तात्या, काढा तारीख.” तात्यांनी तिथेच बसून मे महिन्यातला मुहूर्त काढला आणि हवालदार कापड्याला जायचा वाचला. (तात्यांच्या कोंबड्याही वाचल्या.)

“फक्त दिलीपराव,” यशवंतराव उठता उठता म्हणाले, “तुमची ती माफी आता फुकट गेली. खरं तर त्यानेच तुमची मागायला हवी.”

मी हवालदारकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या मांडीवरच्या डोक्याकडे पाहत होता, आणि मी ते देतो की नाही याची काळजी त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

मी डोकं त्याच्यापुढे ठेवलं आणि पुन्हा हात जोडले.

“सॉरी,” मी म्हणालो. “तुझ्या जेवणात व्यत्यय आणला.”